जाम झालेला ट्रॉली जॅक : निदान, दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत कापड, रसायने आणि अभियांत्रिकी असे निरनिराळे उद्योग शेजारी-शेजारी चालत असल्यामुळे तेथे मालमोटारी व टँकर यांची वर्दळ असते, गळीत हंगामात तीत उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते, आणि या वाहनांवर अवलंबून असलेल्या गॅरेजांत, पंक्चरच्या दुकानांत, लहान कारखान्यांच्या देखभाल विभागांत तसेच आसपासच्या गावांतील वाहनधारकांच्या घरी ट्रॉली जॅक हे साधन हमखास आढळते. लोखंडी पत्र्याच्या चौकटीत बसवलेला, चाकांवर सरकणारा आणि लांब दांड्याने चालवला जाणारा हा द्रवचालित जॅक महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून राहतो, आणि गरज पडते तेव्हा एकतर वर चढत नाही किंवा वर गेला तर खाली येत नाही. अशा वेळी ‘जॅक जाम झाला’ एवढेच म्हटले जाते. परंतु या शब्दांखाली परस्परांहून अगदी भिन्न असे तीन दोष येतात, त्यांची कारणे वेगळी असतात व उपायही वेगळे असतात, आणि त्यांतील कोणता दोष समोर आहे हे न ठरवता पाना हाती घेतला की दुरुस्त होऊ शकणारा जॅक कायमचा निकामी होतो. जाम झालेल्या जॅकमध्ये तुटलेला भाग क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा त्यात कचरा, पाणी किंवा चुकीचे तेल शिरलेले असते.

निदान करायचे तर जॅकची अंतर्गत रचना माहीत असणे आवश्यक आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब द्रवात सर्वत्र सारख्याच प्रमाणात पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सिद्धांत त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आला. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये घेतले, आणि हाताने उचलून नेता येईल अशा द्रवचालित जॅकचे पेटंट अमेरिकेत रिचर्ड डजन याला १८५१ मध्ये मिळाले. आजच्या ट्रॉली जॅकमध्ये तत्त्व तेच आहे. दांडा खाली दाबला असता एक बारीक दट्ट्या, ज्याला प्लंजर म्हणतात, तेल ढकलतो आणि ते तेल जाड दट्ट्याला, म्हणजे रॅमला, पुढे सारते. उदाहरणादाखल प्लंजरचा व्यास १२ मिमी आणि रॅमचा ३६ मिमी धरल्यास क्षेत्रफळांचे गुणोत्तर ९ येते. दांड्याच्या तरफेमुळे हाताचे बळ २० पट होत असेल, तर दांड्यावर १५ किलोचा भार दिल्यावर प्लंजरवर ३०० किलोचा आणि रॅमवर घर्षण वगळता २,७०० किलोचा जोर येतो. ट्रॉली जॅकमध्ये रॅमची थोडी हालचाल उचल-भुजेमार्फत सॅडलच्या, म्हणजे वाहनाला टेकणाऱ्या वाटीच्या, जास्त हालचालीत रूपांतरित होत असल्यामुळे सॅडलवर मिळणारा जोर याहून कमी असतो. मात्र या उदाहरणात तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २६५ किलोच्या आसपास जातो, हे ध्यानात ठेवावे. मालमोटारीच्या टायरमध्ये हाच दाब सुमारे ८ किलो असतो. तीस पटींहून अधिक असलेला हा दाब अडवून धरण्याचे काम काही रबरी कड्या आणि मिरीच्या दाण्याएवढे पोलादी छर्रे करतात, म्हणूनच जॅकच्या दुरुस्तीत ताकदीपेक्षा स्वच्छतेला महत्त्व येते.

या छर्‍यांचे कार्य बोअरच्या हातपंपातील झडपांसारखे असते. दांडा वर उचलला की शोषण-झडपेचा छर्रा आपल्या बैठकीवरून, म्हणजे ज्या गोल कडेवर तो टेकतो तिच्यावरून, सुटतो आणि टाकीतील तेल प्लंजरखाली येते. दांडा दाबला की तो छर्रा बसतो, पुढचा, म्हणजे पुरवठा-झडपेचा छर्रा उघडतो आणि तेल मुख्य नळकांड्यात जाते. तिसरी झडप सोडण्याची असते, तिला रिलीज व्हॉल्व्ह म्हणतात. दांडा पिळला असता एका सांध्यामार्फत तिचा स्क्रू फिरतो, तेल टाकीत परतते आणि बाजूच्या ताण-स्प्रिंगा रॅमला मागे ओढतात. चौथी झडप अतिभाराची असते. जॅकच्या क्षमतेपेक्षा जास्त वजन आल्यास ती आपोआप उघडावी अशा बेताने तिची स्प्रिंग कारखान्यातच बसवलेली असते, आणि तिच्यावर बहुधा रंगाचा किंवा टोपणाचा शिक्का असतो. तेलाची टाकी वेगळी दिसत नाही. मुख्य नळकांड्याभोवतीची पोकळी हीच टाकी असते आणि तिच्यावरचे रबरी बूच हेच तेल भरण्याचे तोंड असते.

आता तीन दोष. पहिल्यात दांडा हलतो पण जॅक चढत नाही किंवा चढून पुन्हा बसतो. दुसऱ्यात जॅक वरच अडकतो. तिसऱ्यात दांडा किंवा प्लंजरच जागचा हलत नाही. पहिला दोष झडपांचा, सीलचा किंवा तेलाच्या पातळीचा असतो, दुसरा बहुतांशी बाहेरच्या सांध्यांचा व स्प्रिंगांचा असतो, आणि तिसरा जवळजवळ नेहमी गंजाचा असतो. खरा जाम हा तिसराच होय, परंतु प्रत्यक्षात तो सर्वांत कमी आढळतो.

पहिल्या दोषाचे कारण जॅक न उघडताही बरेचसे ओळखता येते. दांडा मारताना काहीच विरोध जाणवत नसेल, तर तेल संपले आहे, रिलीज व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे किंवा शोषण-झडपेत कचरा अडकला आहे असे समजावे. विरोध लुसलुशीत वाटत असेल तर तेलात हवा धरली आहे. भार असताना दांडा सोडल्यावर तो आपोआप वर येत असेल, तर पुरवठा-झडपेचा छर्रा नीट बसत नाही, कारण नळकांड्यातील तेल उलटे येऊन प्लंजरला वर ढकलत असते. दांडा स्थिर आहे, बाहेर तेलाचा थेंबही नाही आणि तरीही जॅक हळूहळू बसतो, अशा स्थितीत संशय प्रथम रिलीज व्हॉल्व्हवर आणि नंतर रॅमच्या आतील सीलवर जातो. रॅमभोवती तेल दिसत असेल तर बाहेरचे सील गेलेले असते. जॅक अर्ध्यापर्यंत चढून थांबणे हे तेल कमी असल्याचे लक्षण आहे. वरच्या उदाहरणातील ३६ मिमी व्यासाचा रॅम १३० मिमी पुढे जायचा तर त्यामागे सुमारे १३२ मिलिलिटर तेल शिरावे लागते, आणि टाकीत तेवढे तेल नसेल तर कितीही दांडा मारला तरी रॅम पुढे सरकणार नाही. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो तेव्हा तेल पातळ होते आणि झिजलेल्या झडपेतून ते अधिक सहज निसटते. हिवाळ्यात भार धरणारा जॅक मे महिन्यात बसू लागला तर त्याचे कारण नवे नसून जुनीच झीज उघड झालेली असते.

वाहन वर उचललेल्या अवस्थेत जॅक अडकला असेल तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवून प्रथम भार काढावा लागतो. दुसऱ्या जॅकने वाहन किंचित उचलावे, त्याखाली लोखंडी घोड्या, म्हणजे जॅक-स्टँड, किंवा रेल्वेच्या जुन्या स्लीपरसारखे अखंड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून द्यावेत आणि मगच बिघडलेला जॅक ओढून घ्यावा. सिमेंटचे पोकळ ठोकळे किंवा विटा या कामी वापरू नयेत, कारण त्या पूर्वसूचना न देता फुटतात. भार असताना नळकांड्याचे मोठे नट, अतिभार-झडपेचे टोपण किंवा रिलीज स्क्रू पूर्ण सोडणे हे अत्यंत धोक्याचे आहे. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाऊ शकते, वरून जखम टाचणीएवढीच दिसते, आणि आतील इजा मात्र गंभीर असते. अशी इजा झाल्यास वेदनेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना तेल दाबाने आत गेले असल्याचे स्पष्ट सांगावे.

भार काढल्यानंतर अडकून राहिलेल्या जॅकची तपासणी बाहेरून सुरू करावी. दांडा पिळल्यावर रिलीज स्क्रू खरोखर फिरतो का, की मधल्या सांध्याची पिन झिजून दांडा नुसताच फिरतो, हे पाहावे. स्क्रू फिरत असेल आणि तरी भुजा खाली येत नसेल, तर भुजेची खीळ गंजलेली असते किंवा स्प्रिंग तुटलेली वा निखळलेली असते. खिळीवर डिझेल किंवा गंज सैल करणारा स्प्रे सोडून काही तास मुरू द्यावा, सॅडलवर लाकूड ठेवून हलके ठोकावे, आणि हालचाल मोकळी झाल्यावर जुने वाळलेले ग्रीस पुसून नवे भरावे. पुष्कळ जॅकमध्ये यासाठी ग्रीस निपल दिलेले असते आणि ते वर्षानुवर्षे रंगाखाली बुजलेले असते. दुसऱ्या प्रकारातील बहुतेक दुरुस्त्या येथेच संपतात. तेलाच्या भागाला हात लावण्याची वेळच येत नाही.

तेल तपासणे ही यापुढची पायरी होय. बूच काढून थोडे तेल काचेच्या भांड्यात घ्यावे. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. काळे व चिकट असेल तर सीलचे रबर विरघळत आहे. उजेडात चमकणारे कण दिसले तर धातू झिजतो आहे. पाणी आत जाण्यास पावसात भिजणे आवश्यक नसते. दिवसा तापलेल्या टाकीतील हवा प्रसरण पावून बुचाजवळून बाहेर जाते, रात्री ती आकुंचन पावताना बाहेरची हवा आत येते, आणि त्या हवेतील बाष्प थंड लोखंडावर साचते. सोलापूर परिसरात पावसाचा जोर सप्टेंबरात, परतीच्या पावसाच्या सुमारास, अधिक असतो, आणि त्या दिवसांत उघड्या शेडमध्ये किंवा ट्रॉलीखाली टाकून दिलेल्या जॅकमध्ये हे चक्र अखंड चालते. वाहने धुण्याच्या पंपाने जॅकही धुऊन काढण्याची पद्धत बूच ढिले असल्यास याहून घातक ठरते.

परंतु पाण्यापेक्षाही अधिक जॅक ब्रेक ऑइलमुळे बिघडतात. ब्रेकही द्रवाच्या दाबावर चालतात, ब्रेक ऑइल प्रत्येक गॅरेजात हाताशी असते, आणि म्हणून ते जॅकमध्येही चालेल असा तर्क केला जातो. तो चुकीचा आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील द्रव असते आणि ब्रेकच्या सीलचे रबर त्यालाच मानवेल असे निवडलेले असते, तर जॅकच्या कड्या सामान्यतः नायट्राइल रबराच्या, खनिज तेल सोसणाऱ्या असतात. ब्रेक ऑइलमध्ये त्या फुगतात, मऊ पडतात आणि काही काळाने रॅमला चिकटून त्याची हालचाल रोखतात. टाकीत कोणते तेल आहे याचा संशय असल्यास एक सोपी परीक्षा करता येते : वाटीभर पाण्यात त्याचे काही थेंब टाकावेत, खनिज तेल पाण्यावर तरंगते, ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. मिसळले तर नुसते तेल बदलून भागत नाही, सगळी सीले बदलावी लागतात. इंजिन ऑइलमुळे इतकी हानी होत नाही, मात्र त्यातील मळ धरून ठेवणारी रसायने पाण्यालाही तेलात धरून ठेवतात, आणि आत शिरलेले पाणी तळाशी बसून वेगळे होत नाही.

योग्य तेल म्हणजे जॅक ऑइल किंवा आयएसओ व्हीजी ३२ या श्रेणीचे हायड्रॉलिक ऑइल. येथील आकडा ४० अंश सेल्सियसला मोजलेली तेलाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, सेंटिस्टोक या एककात दर्शवतो. आकडा जितका मोठा तितके तेल जाड. चिंचोळीच्या उन्हात ४६ क्रमांकाचे तेलही चालू शकते. यंत्रशाळांत पिंपाने मिळणारे ६८ क्रमांकाचे तेल मात्र अडचणीपुरतेच वापरावे, कारण त्याने थंडीच्या पहाटे जॅक उतरण्यास फार वेळ लागतो. जॅकवर उत्पादकाने काही वेगळे नमूद केले असल्यास अर्थात तेच प्रमाण मानावे.

जॅक खोलण्यापूर्वी एक सौम्य उपाय अवश्य करून पाहावा, कारण चढत नसलेल्या जॅकपैकी बरेचसे त्यानेच चालू लागतात. जुने तेल पूर्ण काढावे, स्वच्छ तेल भरावे, रिलीज स्क्रू बंद स्थितीपासून दोन आटे उघडावा आणि दांडा दहा-पंधरा वेळा जलद, पूर्ण पल्ल्याने मारावा. असे केल्याने तेल झडपांतून वेगाने फिरते आणि छर्‍याखाली अडकलेला कण वाहून जातो. मग ते तेलही काढून टाकावे आणि पुन्हा नवे भरावे. धुण्यासाठी रॉकेल वापरायचे असेल तर ते जॅक पूर्ण खोललेला असतानाच वापरावे, कारण टाकीच्या कोपऱ्यात राहिलेले रॉकेल नव्या तेलाला पातळ करते. काढलेले तेल डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. २०१६ च्या नियमांनुसार ते धोकादायक कचऱ्यात मोडते, आणि अर्ध्या लिटरचा प्रश्न म्हणून ते नाल्यात ओतणे योग्य नव्हे.

एवढे करूनही गुण आला नाही, किंवा प्लंजरच गंजून बसला असेल, तर जॅक खोलावा लागतो. त्यासाठी भक्कम व्हाइस, नळकांड्याच्या नटासाठी मोठा पाना, सर्क्लिप काढण्याची पक्कड, पितळी दांडा, व्हर्निअर आणि पांढऱ्या कापडाने झाकलेला एक पसरट ट्रे इतके साहित्य पुरते. तेल आधी पूर्ण काढावे, स्प्रिंगा सोडवाव्यात आणि द्रवयंत्रणा चौकटीतून अखंड बाहेर घ्यावी. स्प्रिंगा ताणलेल्या असल्यामुळे त्या काढताना चेहरा त्यांच्या रेषेत येऊ देऊ नये. गंजलेल्या प्लंजरला गॅसकटरने तापवण्याचा मोह टाळावा. बंदिस्त पोकळीतील उरलेले तेल पेट घेऊ शकते किंवा दाबाने उसळू शकते, शिवाय उष्णतेने पोलादाची कठीणता जाते. गंज मुरवणारा द्रव घालून रात्रभर ठेवणे, मग प्लंजर पिळून व किंचित मागे-पुढे करून सैल करणे, हा वेळखाऊ असला तरी खात्रीचा मार्ग आहे.

रॅम नळकांड्यातून निघत नसेल तेव्हा औद्योगिक वसाहतीत आणखी एक मोह समोर उभा असतो, तो म्हणजे कॉम्प्रेसरची हवा. ३६ मिमी व्यासाच्या रॅमवर ८ किलो दाबाची हवा सोडली तर त्याच्यामागे सुमारे ८० किलोचा जोर साठतो. रॅम गंजातून सुटला की गोळीसारखा बाहेर येतो, आणि तेल अदाबनीय असल्यामुळे जे घडत नाही ते हवेच्या प्रसरणामुळे घडते. रॅम काढायचा तर नळकांड्यात तेल भरून जॅकच्याच पंपाने तो सावकाश बाहेर ढकलावा, किंवा लाकडी ठोकळ्यावर आपटून काढावा.

यानंतरच्या कामाचे यश स्वच्छतेवर ठरते, आणि येथे सोलापूरसारख्या वस्त्रनगरीत एक खास अडचण आहे. यंत्रमागांचे कापड आणि सूत यांच्या उरलेल्या तुकड्यांचे ‘वेस्ट’ स्वस्त व मुबलक असल्यामुळे यंत्र पुसण्यासाठी सर्रास तेच वापरले जाते. लेथचा बेड पुसण्यास ते उत्तम असले तरी जॅकच्या आतल्या भागांस ते वैरी आहे, कारण त्याचा सुटलेला एक तंतू छर्रा व बैठक यांच्यामध्ये आला की झडप कायम किंचित उघडी राहते, आणि नुकताच दुरुस्त केलेला जॅक पुन्हा बसू लागतो. दुरुस्तीनंतर आठवड्याभरात परत आलेल्या जॅकचा दोष पुष्कळदा नव्या सीलचा नसून या तंतूचा असतो. आतले भाग रॉकेलने धुऊन, स्वच्छ हवेने वाळवून, पुसायचेच असतील तर तंतू न सोडणाऱ्या घट्ट विणीच्या कापडाने पुसावेत. पंखा बंद ठेवावा आणि धूळ उडणारे काम शेजारी चालू असेल तर जॅक त्या वेळी उघडूच नये.

छर्रे काढताना कोणता छर्रा कोणत्या भोकातून आला आणि कोणावर स्प्रिंग होती याची नोंद किंवा छायाचित्र घ्यावे, कारण त्यांचे आकार भिन्न असू शकतात आणि अदलाबदल झाल्यास पंप चालतच नाही. छर्‍यावर डाग किंवा सपाटपणा दिसला तर त्याच मापाचा नवा पोलादी छर्रा बेअरिंगच्या दुकानातून आणावा. तो मिळणे कठीण नाही. बैठकीची कड बारकाईने पाहावी. तिच्यावर हलका चरा असेल तर जुना छर्रा तिच्यावर ठेवून, पितळी दांडा टेकवून, हातोडीचा एकच हलका ठोका द्यावा. त्यामुळे कड पुन्हा गोल बसते, आणि मग तेथे नवा छर्रा घालावा. जोरात ठोकल्यास कड रुंद होऊन झडप कायमची गळते, म्हणून या ठिकाणी दुसरा ठोका देण्याचा विचार करू नये. अतिभार-झडपेला मात्र हात लावू नये. ‘जॅकने जास्त वजन उचलावे’ म्हणून तिची स्प्रिंग घट्ट करण्याची क्लृप्ती काही ठिकाणी केली जाते. तिने जॅकची ताकद वाढत नाही, फक्त भुजा वाकेपर्यंत किंवा नळकांडे फाटेपर्यंत तो थांबत नाही.

सील बदलताना दिशा हा कळीचा मुद्दा ठरतो. ब्रामाच्या दाबयंत्राला सुरुवातीला गळतीने ग्रासले होते, आणि त्यावर वाटीच्या आकाराच्या चामडी कड्याचा तोडगा काढण्याचे श्रेय सामान्यतः त्याचा सहकारी हेन्री मॉडस्ली याला दिले जाते. या कड्याचे तोंड तेलाच्या बाजूला असल्यामुळे दाब वाढला की त्याचे ओठ अधिक फाकून धातूला अधिक घट्ट चिकटतात. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसपासून आजच्या जॅकपर्यंत हेच तत्त्व चालत आले आहे, फक्त चामड्याची जागा रबराने व पॉलियुरेथेनने घेतली आहे. म्हणून यू-सीलचे उघडे तोंड दाबाच्या बाजूलाच आले पाहिजे. ते उलटे बसले तर नवे सीलही पहिल्या दांड्यापासून गळते. साध्या ओ-रिंगेला दिशा नसते, परंतु तिच्या शेजारी कडक पट्टी, म्हणजे बॅक-अप रिंग, असेल तर ती दाबाच्या विरुद्ध बाजूला बसते आणि रबराला फटीत घुसण्यापासून अडवते. जॅकच्या नमुन्याचा तयार सील-किट मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास केवळ जुन्या कडीच्या मापावर विसंबू नये, कारण ती फुगलेली किंवा चपटी झालेली असते. व्हर्निअरने खाचेची रुंदी-खोली आणि रॅमचा व्यास मोजून तेच आकडे दुकानदाराला द्यावेत, आणि नायट्राइल रबर असे स्पष्ट सांगून मागावे. कडी बसवण्यापूर्वी तेलात बुडवावी, आट्यांच्या धारदार कडांवर पातळ टेप गुंडाळावी, आणि स्क्रूड्रायव्हरऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकच्या बोथट काडीने ती सरकवावी.

रॅमवरचा वरवरचा गंज १,००० किंवा १,२०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, तेल लावून घासावा. घासण्याची दिशा रॅमभोवती गोल असावी, लांबीने नव्हे, कारण लांबीने पडलेल्या ओरखड्यांतून तेलाला बाहेर पडण्याची वाट मिळते. नख फिरवल्यावर अडकते इतका खड्डा पडलेला असेल, तर घरच्या दुरुस्तीची हद्द संपली. अशा रॅमला ग्राइंडिंग व हार्ड क्रोम करून घेता येते आणि अशी कामे करणाऱ्या यंत्रशाळा औद्योगिक परिसरात असतात, मात्र दोन-तीन टनांच्या साध्या जॅकसाठी तो खर्च सहसा परवडत नाही. दहा-वीस टनांच्या मोठ्या जॅकसाठी परवडू शकतो. नळकांड्याला किंवा रॅमला वेल्डिंग करून भेग बुजवणे कोणत्याही आकाराच्या जॅकसाठी वर्ज्य मानावे.

जोडणी उलट क्रमाने होते आणि तिच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे असतील तर ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवावेत, म्हणजे ते मऊ होऊन नीट दबतात. तेल भरताना मात्र एक चूक वारंवार होते. जॅक सपाट जमिनीवर, रॅम पूर्ण मागे असताना, भोकाच्या कडेपासून थोडे खालपर्यंतच तेल भरावे. रॅम पुढे असताना टाकी काठोकाठ भरली, तर तो मागे येताना परतणाऱ्या तेलाला जागा उरत नाही, आणि बूच उडते किंवा जॅक पूर्ण खाली बसत नाही. यानंतर हवा काढावी : रिलीज स्क्रू उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा मारावा, स्क्रू बंद करून जॅक रिकामा पूर्ण चढवावा, बूच किंचित उचलून पुन्हा बसवावे, स्क्रू उघडून सॅडल हाताने खाली दाबावी, आणि लुसलुशीतपणा जाईपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे.

चाचणी टप्प्याटप्प्याने घ्यावी. प्रथम रिकामा जॅक पूर्ण पल्ल्यात चढ-उतार करतो का ते पाहावे. नंतर लहान मोटारीची एक बाजू, खाली घोडी लावून, चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकीच उचलावी, सॅडलची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजून लिहावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजावी. या अवधीत उंची कमी झाली तर झडपांकडे परत जावे लागते, आणि बाहेर तेल आले तर सीलकडे. जॅक चांगला चालू असताना पूर्ण उंचीला किती दांडे लागतात हे चौकटीवर रंगाने लिहून ठेवल्यास पुढे तो आकडा वाढू लागताच झीज वेळेत कळते. एरवी जॅक नेहमी रॅम आत घेऊन ठेवावा, कारण बाहेर राहिलेल्या रॅमच्या उघड्या भागावरच गंज प्रथम धरतो. तेल वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, बदलणे या हवामानाला पुरेसे आहे.

दुरुस्त झालेला जॅकही उचलण्यापुरताच असतो, उचललेले धरून ठेवण्यासाठी घोडीच लागते, आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणीत दोनदा नापास झालेला जॅक तिसऱ्यांदा उघडण्यात क्वचितच अर्थ असतो. अशा जॅकमधील छर्रे, स्प्रिंगा आणि चाके सुट्या भागांसाठी काढून घेता येतात. उरलेला सांगाडा भंगारात देण्यापूर्वी त्याचा दांडा वेगळा करावा, कारण दांडा शाबूत असलेला निकामी जॅक भंगारवाल्याकडून कोणीतरी स्वस्तात विकत घेतो आणि तो पुन्हा एखाद्या ट्रॉलीखाली पोहोचतो.